नदीतले सोने ज्यांनी शोधले, त्यांच्या हाती काय आले?

निगडीतल्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "पवना-इंद्रायणीच्या उगमाकडे गेलो तर वाळूत सोने सापडेल का?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून हा लेख.

उत्तर आहे, नाही. आपल्या पायाखाली लाव्ह्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. सोने देणारे खडक त्याहून कितीतरी जुने असतात, आणि असे खडक नागपूर-भंडारा पट्ट्यात उघडे पडलेले आहेत. त्यांत सोन्याचे अंश असल्याची नोंद भूवैज्ञानिकांनी केली आहे. मध्य प्रदेशातल्या सिवनीत उगम पावलेली वैनगंगा बालाघाटमधून भंडारा आणि गडचिरोलीकडे येते. तिच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्या-नाल्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे लोक म्हणजे सोनझारी.

हे काम नशिबाचे नाही, ज्ञानाचे आहे. सोने वाळूपेक्षा सुमारे सात पट जड असते. त्यामुळे पाण्याचा जोर जिथे कमी होतो तिथे ते खाली बसते: वळणाच्या आतल्या काठाला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तळाच्या खडकातल्या भेगांत. तिथली वाळू लाकडी पाटीत घेऊन पाण्यात गोल हलवायची. हलकी वाळू वाहून जाते, जड काळी रेती उरते आणि त्या रेतीत पिवळे कण दिसतात. कण वाढत गेले तर प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकायचे. ते एकदम थांबले, तर मूळ शीर आसपासच्याच टेकडीत आहे असे समजायचे. आज भूविज्ञानाचा विद्यार्थी हीच पद्धत कॉलेजात शिकतो आणि त्याला पदवी मिळते. सोनझारींना काय मिळाले? जात मिळाली.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सोनझारींची नोंद गोंडांमधून फुटलेली एक लहान धंदेवाईक जात म्हणून आहे. नदी वाचता येणाऱ्या माणसांना 'शोधक' हा शब्द लागला नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये दाखवून दिले की जातीमुळे नुसते काम वाटले जात नाही, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात आणि वरखाली रचली जातात. सोनझारींचा इतिहास त्याचाच पुरावा आहे. आपल्याला हे नवीन नाही. गावाच्या शिवेचा वाद आला की महाराची साक्ष लागायची, कारण शीव त्यालाच ठाऊक. तरीही त्या ज्ञानाचा मान त्याला कधी मिळाला नाही, ती त्याची वेठ झाली. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले.

आता कोलारकडे बघा. १८०२ साली जॉन वॉरन या इंग्रजांच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याने तिथल्या सोन्याची कुणकुण लागल्यावर बक्षीस जाहीर केले. गावकरी मातीने भरलेल्या बैलगाड्या घेऊन आले आणि त्यांनी त्याच्यासमोर माती धुऊन सोने दाखवले. इतिहासाच्या पुस्तकात वॉरनचे नाव आहे, त्या गावकऱ्यांपैकी एकाचेही नाही. १८७० च्या दशकात लॅव्हेल या निवृत्त सैनिकाने खाणीचा परवाना मिळवला, १८८० मध्ये जॉन टेलर कंपनी आली. तीन किलोमीटरहून खोल उतरून दगड फोडणारे मजूर मोठ्या संख्येने तमिळ दलित होते. २००१ साली खाण बंद झाली आणि त्यांच्या वस्त्या बेकारीत सापडल्या. कोलार असो की वैनगंगा, हिशेब एकच: ज्ञान आणि घाम खालच्यांचा, परवाना आणि नाव वरच्यांचे.

कोणी म्हणेल, तो इंग्रजांचा काळ होता. मग आजचा कायदा तपासा. सोने हे प्रमुख खनिज. २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावाने दिले जातात. लिलावात पाटीवाला कसा उतरणार? १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार देतो, पण खनिजांबाबतची त्यातली तरतूद गौण खनिजांपुरती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातले गौण वनोपज म्हणजे वनस्पतीपासून मिळणारे उत्पन्न. नदीतला सोन्याचा कण दोन्हींच्या बाहेर राहतो.

"पण त्यांना आरक्षण आहे ना?" आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली 'सोनझारी झारेका' हे नाव आहे. पण दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा नदीकाठाने पाल हलवत फिरला, त्याने सातबारा आणि शाळेचा दाखला कुठून आणायचा? यादीत नाव आहे आणि हातात कागद नाही, अशी ही अवस्था. आज सोनझारी शहरांच्या सराफा गल्ल्यांत नाल्यांतला गाळ धुताना दिसतात. उगमाकडचा स्वच्छ प्रवाह सुटला, गटार हाती आले.

इथे दोन चुका टाळायला हव्यात. पहिली, "परंपरागत कला जपा" म्हणून टाळ्या वाजवण्याची. जन्माने चिकटलेला धंदा सोडण्याचा अधिकार हेच आपल्या चळवळीचे सांगणे आहे, आणि गाळात हात घालणे ही काही संस्कृती नव्हे. दुसरी, "हा आदिवासींचा प्रश्न, आपला नाही" म्हणण्याची. जी व्यवस्था आपल्याला विभागते, तिचे काम आपणच करून द्यायचे का?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत विदर्भातून आलेली हजारो माणसे आहेत. आपल्या वस्तीत अशी कुटुंबे असतील तर त्यांच्याकडे बसा. आजोबा कोणत्या गावात थांबायचे, कोणत्या नदीवर जायचे, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, शाळेचे जुने रजिस्टर, वंशावळ शोधायला मदत करा. पडताळणी समितीपुढे त्यांच्या बाजूला उभे राहा. वॉरनसमोर माती धुणाऱ्यांची नावे आता सापडणार नाहीत. आज हयात असलेल्यांची मात्र आपण लिहू शकतो.

जय भीम!