शिक्का माझा, चिठ्ठी माझी नाही

घरी ‘सीआयडी’ लागलं की डीसीपी चित्रोळे दिसताच पोरं ओरडायची, “आला बघ कटकट्या!” एसीपी प्रद्युम्नच्या तपासात खोडा घालणारा वरचा साहेब कुणाला आवडणार? मलाही नव्हता आवडत. पण बीदरात राहणाऱ्याला असा एक साहेब येता-जाता भेटतो.

महमूद गवानचा मदरसा १४७२ चा. १६९६ च्या स्फोटात बराच पडला, एक मिनार उरला, त्यावर निळ्या फरशांचे तुकडे. गवान इराणातल्या गीलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. वजीर होऊन केलं काय, तर नियम. चार तरफांच्या आठ केल्या. आधी तरफेतले सगळे किल्ले तरफदाराच्या हाती. आता एकच, बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार. जमिनीची मोजणी सुरू केली. आणि सगळ्यात झोंबणारं म्हणजे, कागदावर जितके शिपाई तितके हजर पाहिजेत, नाहीतर पैसे कापले! बोगस हजेरीवर पोसलेल्या सरदाराला हा माणूस गोड कसा लागावा?

त्यात तो परदेशी, आणि दरबारात दखनी-परदेशी वैर जुनंच. फोडला कुणाला, तर गवानचा शिक्का सांभाळणाऱ्याला. कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि वर ओडिशाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहानं विचारलं, शिक्का कुणाचा? शिक्का माझा, चिठ्ठी माझी नाही, एवढंच म्हातारा म्हणाला. ५ एप्रिल १४८१ ला त्याचं डोकं उडवलं.

माझे वडील आडतीचा शिक्का रात्री उशाखाली ठेवायचे. आम्ही हसायचो त्यांना. हे वाचल्यावर हसू गेलं.

ही हकिकत मुख्यतः फरिश्त्याची. तो शंभरावर वर्षांनी लिहिणारा, शिवाय स्वतः इराणचाच. म्हणजे इथं कॅमेरा साहेबाच्या बाजूनं आहे की हो! शिपायांच्या पगारात काटछाट झालेल्या एखाद्या सरदारानं बखर लिहिली असती, तर तीही मी वाचली असती. पण खोट्या कागदाला त्यातही खरं म्हणता आलं नसतं.

गवानच्या तिजोरीत फारसं काही निघालं नाही. सुलतान पुढच्याच वर्षी मेला. कटातला मलिक हसन बहरी तेलंगणाचा तरफदार, त्याच्या तरफेचे दोन तुकडे झालेले. त्याच्याच मुलानं, मलिक अहमदनं, १४९० मध्ये निजामशाही उभी केली. अहमदनगर हे नाव त्याचंच.