सर्कलमधली वेणी

इंग्लंडात ड्रायव्हिंग शिकताना मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सर्कल आलं की आधी उजवीकडे बघ." मला वाटलं, हा नियम सर्कलइतकाच जुना असणार. तसं नाही हो!

१९६६ पर्यंत इथे सर्कलवर कुणी कुणाला वाट द्यायची ते देशभर असं ठरलेलंच नव्हतं. शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गाड्या वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींना छेदत जायच्या. जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५७ साली याचं सूत्रच मांडलं : पेड घालायची जागा लांब-रुंद तर गाड्या जास्त मावतात, छेदणाऱ्यांचं प्रमाण वाढलं की कमी. थोडक्यात, सर्कल मोठं करा! पण शिरणाऱ्यांनी बाहेर पडणाऱ्यांची वाट अडवली की मोठं सर्कलही ठप्पच.

नोव्हेंबर १९६६ मध्ये नियम आला : उजवीकडून, म्हणजे सर्कलमधून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. वेणी सुटली. आता फट बघायची नि शिरायचं. लांब पेडांना जागा लागेना, तेव्हा फ्रँक ब्लॅकमोर यांनी पिटुकली सर्कलं काढली. १९७२ मध्ये स्विंडनला तर अशी पाच एकाच चौकात!

आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ मध्ये सर्कलसाठी घेतलेलं सूत्र मात्र वॉर्ड्रॉपच्याच वंशातलं, वेणीचं. सुट्टीवर पुण्यात आलो की ती वेणी मी रिक्षात बसून बघतो.