करातून चालणाऱ्या सेवा म्हणजे समाजवाद काय?

मालकी, खर्च आणि हक्क या तीन गोष्टींची गल्लत. रोहा तालुक्यातील उदाहरणांवरून एक मागोवा

सरकारी शाळा, दवाखाने, नळाचे पाणी आणि एसटीतील सवलत या सेवा सर्वांच्या करातून चालतात. त्यांना समाजवाद म्हणावे की म्हणू नये, हा वाद अर्थसंकल्प आणि निवडणूक जवळ आली की हमखास डोके वर काढतो. काहींच्या मते सरकारने फुकट वा स्वस्त दिलेली प्रत्येक गोष्ट समाजवादच असून त्यामुळे करदात्याच्या कष्टाची उधळपट्टी होते. याउलट अशा सेवा वाढवीत नेल्या की समाजवाद आपोआप अवतरेल, असा काहींचा विश्वास असतो. या दोन्ही मतांमध्ये एक समान गृहीत दडलेले आहे. सेवेचा खर्च करातून होतो एवढ्यावरून तिचा आर्थिक विचार ठरतो, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीत तपासण्यासाठी रायगड जिल्ह्यातील रोह्यासारखे सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. नगरपरिषदेचे रस्ते, जिल्हा परिषदेच्या शाळा, एसटी आगार, धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोरसायन कारखाना आणि कोकण रेल्वेचा प्रारंभबिंदू हे सारे या एका तालुक्यात आहे.

समाजवादाची व्याख्या

समाजवादाच्या अनेक शाखा असल्या, तरी त्यांचा मूळ मुद्दा उत्पादनाच्या साधनांचा आहे. जमीन, खाणी, कारखाने, बँका यांची मालकी कोणाकडे असावी आणि त्यांतून निर्माण होणारी संपत्ती कोणाच्या हाती जावी, हा तो प्रश्न होय. ही साधने खासगी व्यक्तींकडे न राहता समाजाकडे वा राज्याकडे असावीत, हे त्याचे समाजवादी उत्तर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मांडलेला राज्य समाजवाद नेमका याच स्वरूपाचा होता. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि शेती हा राज्याचा उद्योग मानला जावा, अशी त्यांची सूचना होती.

कर ही बाब मात्र याहून वेगळी आहे. कर आकारण्यासाठी आधी खासगी उत्पन्न आणि खासगी मालमत्ता असावी लागते. घरपट्टी वसूल होते ती घर कोणाच्या तरी मालकीचे आहे म्हणून. करातून सेवा पुरविणारे राज्य खासगी मालकी रद्द करीत नाही. तिच्या उत्पन्नातील एक हिस्सा समाईक गरजांसाठी घेते. अशा राज्यास कल्याणकारी राज्य म्हणणे अधिक अचूक ठरेल.

चार प्रकार

कोणत्याही सेवेबाबत दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. ती चालविणाऱ्या संस्थेची मालकी कोणाची, आणि तिचा खर्च कोण उचलतो? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार सार्वजनिक मालकी आणि करातून खर्च असा आहे. गावातील रस्ता, पथदिवे आणि जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा ही त्याची उदाहरणे होत.

दुसरा प्रकार सार्वजनिक मालकीचा, परंतु ग्राहकाच्या पैशांवर चालणारा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडून सुरू झालेली एसटी मूलतः या प्रकारात मोडते. तिचा मुख्य आधार प्रवासी भाडे हाच राहिला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे भाडे लागू झाले. या सवलतींचा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. म्हणजे सवलत घेणारी प्रवासी आणि पूर्ण भाडे देणारा प्रवासी एकाच गाडीत बसतात. गाडीची मालकी मात्र दोघांसाठी तीच असते.

तिसऱ्या प्रकारात मालकी खासगी आणि पैसा सार्वजनिक असतो. महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळा खासगी शिक्षण संस्थांच्या असतात. शिक्षकांचे वेतन मात्र शासन देते. आरोग्याच्या क्षेत्रात जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेत रुग्णाला खासगी रुग्णालयातही उपचार घेता येतात आणि त्यांचा भार शासन उचलते. येथे करदात्याचा पैसा थेट खासगी क्षेत्राकडे जातो. त्याला समाजवाद म्हणणे शब्दाचा अर्थ उलटा करण्यासारखे आहे.

चौथा प्रकार पूर्णतः खासगी. धाटाव येथील रसायन कारखाने खासगी भांडवलावर उभे आहेत. मात्र त्यांना भूखंड, रस्ते आणि पाणी मिळाले ते १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामार्फत. सार्वजनिक सेवा खासगी उद्योगाच्या विरोधात असतात, हा समज येथेच गळून पडतो.

नागोठणे आणि पेण

समाजवादाचा खरा प्रश्न रोहा तालुक्यात कोठे उभा राहिला असेल, तर तो नागोठण्यात. येथील पेट्रोरसायन संकुल इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन अर्थात 'आयपीसीएल' या केंद्र सरकारच्या कंपनीने उभारले. वायूपासून प्लास्टिकचा कच्चा माल तयार करणारा हा कारखाना राज्याच्या मालकीचे उत्पादन साधन होता. २००२ मध्ये केंद्राने या कंपनीचे २६ टक्के भागभांडवल आणि व्यवस्थापनाचे अधिकार १,४९१ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाकडे सोपविले. पुढे २००७ मध्ये कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. या व्यवहाराने मालकी बदलली. तालुक्यातील शाळा, दवाखाने आणि रस्ते मात्र पूर्वीप्रमाणेच करातून चालत राहिले. राज्याच्या मालकीचा उद्योग आणि करातून चालणारी सेवा या दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून नाहीत, हे यावरून दिसते.

सरकारने हाती घेतलेले प्रत्येक काम लोकांच्या मालकीकडे नेणारे असते, असेही नाही. शेजारच्या पेण तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी खासगी कंपनीकरिता शासनामार्फत भूसंपादन करण्याचा प्रस्ताव होता. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्यासह अनेकांनी त्याविरुद्ध लढा दिला. सार्वजनिक खर्चातून बांधलेल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांमध्ये २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. तो प्रकल्प प्रत्यक्षात उतरला नाही. या प्रकरणात राज्याची सत्ता खासगी भांडवलाच्या बाजूने वापरली जात होती आणि शेतकरी धरणाच्या पाण्यावरील आपला हक्क पुढे करीत होते.

विचारांची सरमिसळ

व्यक्ती आणि त्यांचे निर्णय पाहिले, तर शिक्के आणखी निरुपयोगी ठरतात. रोह्याशी कौटुंबिक नाते असलेले चिंतामणराव देशमुख हे सनदी अधिकारी आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. समाजवादी चळवळीशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही ते अर्थमंत्री असताना १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले.

याउलट कोकण रेल्वेचे उदाहरण आहे. मध्य रेल्वेचा मार्ग रोह्याला संपतो आणि तेथूनच कोकण रेल्वेचे किलोमीटर मोजले जाऊ लागतात. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री मधू दंडवते हे दोघेही समाजवादी परंपरेतील नेते होते. मात्र या प्रकल्पाचा पैसा त्यांनी केवळ अर्थसंकल्पातून उभा केला नाही. केंद्राचे ५१, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळचे प्रत्येकी ६ टक्के असे भागभांडवल ठरले, आणि उर्वरित मोठी रक्कम करमुक्त रोख्यांद्वारे बाजारातून उभारण्यात आली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. कर्जाचा बोजा वाहत चालणाऱ्या या महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये संमती दिली. पैसा रोख्यांतून घ्यावा की करातून, हा येथे सोय आणि खर्चवाटणीचा प्रश्न होता.

समाजवादाआधीच्या सेवा

सार्वजनिक सेवांचा इतिहास भारतातील समाजवादी पक्षांहून जुना आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसाच निर्णय घेतला. दोघेही संस्थानिक होते.

परदेशातही तेच दिसते. मुक्त बाजाराचे आद्य भाष्यकार मानले जाणारे ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच रस्ते, पूल आणि सामान्यांचे शिक्षण यांसाठी राज्याने खर्च करावा, असे मांडले होते. जर्मनीत बिस्मार्क यांनी १८७८ मध्ये समाजवाद्यांवर निर्बंध घातले आणि १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा सुरू केला. समाजवाद्यांचा जनाधार कमी करणे हा त्यामागील एक उघड हेतू होता. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी मजूर पक्षाच्या सरकारने सुरू केली. परंतु नंतर आलेल्या हुजूर पक्षाच्या सरकारांनीही ती कायम ठेवली.

महाडचा धडा

सार्वजनिक पैशाचा सर्वांत मूलगामी अर्थ पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातच मांडला गेला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा राखले जाणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात करण्यात आला. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल डॉ. आंबेडकर यांच्या बाजूने दिला.

या लढ्यात उत्पादन साधनांच्या मालकीचा प्रश्न नव्हता. सर्वांच्या पैशातून राखलेल्या गोष्टीवर सर्वांचा समान हक्क असतो, हे तत्त्व होते. सार्वजनिक सेवेचा खरा पाया हाच होय.

व्यवसाय कर आणि रोजगार हमी

कर आणि सेवा यांचा थेट दुवा महाराष्ट्राने आणखी एका प्रकारे जोडला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू करण्यात आला. शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांकडून जमणाऱ्या या रकमेच्या जोडीला राज्याने आपला हिस्सा घालावयाचा, अशी रचना होती. आजही पगारपत्रकावर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला अडीच हजार, अशी कपात अनेकांच्या परिचयाची आहे. संघटित क्षेत्रातील कामगाराच्या वेतनातून ग्रामीण मजुराच्या कामाची तरतूद करणारी ही व्यवस्था सर्वपक्षीय पाठिंब्याने उभी राहिली. तिने कोणाची जमीन वा कारखाना ताब्यात घेतला नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला याच अनुभवाची पार्श्वभूमी होती.

राज्यघटना काय सांगते

येथे एक अपवाद नोंदविणे आवश्यक आहे. अर्थशास्त्रातील समाजवाद आणि राज्यघटनेतील 'समाजवादी' हा शब्द एकाच अर्थाचे नाहीत. १९४८ मध्ये के. टी. शाह यांनी हा शब्द घटनेत घालण्याची सूचना केली, तेव्हा डॉ. आंबेडकर यांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक रचना लोकांनी काळानुरूप ठरवावी आणि मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आधीच आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला.

महाराष्ट्रातील इमारतींच्या संपादनविषयक कायद्यातून उद्भवलेल्या प्रकरणात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने निर्णय दिला की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. त्यानंतर २५ नोव्हेंबर २०२४ रोजी उद्देशिकेतील शब्दांविरुद्धच्या याचिका फेटाळताना न्यायालयाने स्पष्ट केले की, भारतीय संदर्भात समाजवाद म्हणजे मुख्यतः कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता. त्यामुळे खासगी उद्योगास प्रतिबंध होत नाही. या मर्यादित घटनात्मक अर्थाने करातून चालणारी शाळा वा दवाखाना 'समाजवादी' म्हणता येईल. मालकी बदलण्याच्या अर्थाने मात्र नाही.

नावापेक्षा हक्क महत्त्वाचा

हा भेद केवळ शब्दांचा नाही. सेवेला समाजवाद म्हणून हिणवले की तिचा लाभ घेणारा फुकट्या ठरतो. वस्तुतः प्राप्तिकर न भरणारी कातकरी वाडीवरची मजूर स्त्रीही बाजारातील खरेदीबरोबर वस्तू व सेवा कर भरतच असते. दुसरीकडे, त्याच सेवेला सरकारची कृपा मानले की नळाला गढूळ पाणी आले किंवा दवाखान्यात डॉक्टर नसला, तरी जाब विचारण्याचा अधिकार ओशाळतो. कोणती सेवा करातून द्यावी, किती द्यावी आणि कोणामार्फत द्यावी, यावर मतभेद असू शकतात आणि ते प्रत्येक सेवेगणिक तपासले पाहिजेत. खासगी रुग्णालयांना पैसा देण्यापेक्षा ग्रामीण रुग्णालय सक्षम करावे काय, प्रवासातील सवलतीची भरपाई महामंडळास वेळेवर मिळते काय, हे खरे प्रश्न आहेत. 'समाजवाद' हा शिक्का मारल्याने त्यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. खर्चाचा हिशेब आणि सेवेचा दर्जा मागण्याचा हक्क मात्र प्रत्येक नागरिकाकडे राहतो, मग तो कोणत्याही विचारसरणीचा असो.