षट्कोनी नळीची बंदूक

एनफील्ड बंदुकीची आपली ओळख काडतुसांवरून आहे. त्यांना लावलेल्या चरबीच्या वार्तेनें १८५७ सालीं बराकपुरापासून मीरतपर्यंत काय पेटविलें, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. पण बराकपूरची २९ मार्च आणि मीरतची १० मे या दोन तारखांमधल्या एप्रिल महिन्यांतच, इंग्लंडांत हाइथ येथें या बंदुकीची निराळीच परीक्षा चालली होती. तेथें प्रश्न चरबीचा नव्हता. नळीच्या पिळाचा होता.

रायफलच्या नळींत मळसूत्रासारख्या पीळदार खांचा असतात. त्यांमुळें गोळी भोवऱ्याप्रमाणें फिरत बाहेर पडते, आणि फिरता भोवरा जसा तोल राखतो तशी ती हवेंत आपलें तोंड पुढें ठेवते. गोळी जितकी लांबट, तितकी ती कलंडण्याची भीति अधिक; म्हणून पीळहि तितका जलद हवा. एनफील्डमध्यें एका फेऱ्यास ७८ इंच लागत आणि नळी तर ३९ इंचांची. म्हणजे नळी सुटेपर्यंत गोळीचा अवघा अर्धा फेरा!

मँचेस्टरचे जोसेफ व्हिट्वर्थ हे यंत्रकार. बंदुका करणें हा त्यांचा धंदा नव्हे. एकेकाळीं आपल्याकडे गव्हर्नर-जनरल असलेले लॉर्ड हार्डिंज १८५४ मध्यें इंग्लंडचे सरसेनापति होते. त्यांनीं हें काम व्हिट्वर्थांवर सोंपविलें. नळ्या करण्याच्या यंत्रांआधीं नळी कशी असावी हें ठरलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह पडला. मग सरकारी खर्चानें ५०० यार्ड लांबीची झांकलेली वाट बांधण्यांत आली. ती वादळानें पाडली, पुन्हां उभारली. गोळीच्या मार्गांत पातळ कागदाचे पडदे टांगून भोंकांवरून तिची चाल पाहावयाची, असा तो उद्योग. अखेर एनफील्डइतक्याच वजनाची, पण रुंदीच्या तिप्पट लांब गोळी, सुमारें ०·४५ इंचांची षट्कोनी नळी आणि २० इंचांत एक फेरा, असें ठरलें.

हाइथ येथें ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या सरासरीनें सव्वादोन फूट चुकल्या. व्हिट्वर्थच्या साडेचार इंच. १४०० यार्डांवर एनफील्डची एकहि गोळी लागली नाहीं.

तरीहि ही बंदूक सैन्याची नेहमींची बंदूक झाली नाहीं. अधिकाऱ्यांना मूर्ख म्हणणें सोपें आहे, पण मला तें पटत नाहीं. त्या काळची दारू फार काजळी धरी. नळी अरुंद, गोळी तोंडाकडून ठासावयाची. धांदलींतल्या शिपायाला पहिल्या बारापेक्षां विसाव्या बाराची काळजी अधिक. शिवाय तिची किंमतहि भारी होती.

मागून भरण्याची सोय झाल्यावर मात्र १८७१ मध्यें सैन्यानें मार्टिनी-हेन्री स्वीकारली. तिची नळी ०·४५ इंचांची, पीळ २२ इंचांत एक! पुढें १८७९ मध्यें वुलिच येथील गणिताचे अध्यापक ग्रीनहिल यांनीं पिळाचें सूत्र बसविलें: गोळीची लांबी रुंदीच्या जितक्या पट, तितक्यांनीं १५० ला भागावें, म्हणजे एका फेऱ्यास तितक्या रुंदी लागतात. व्हिट्वर्थच्या गोळीस या हिशेबानें ५० रुंदी, म्हणजे साडेबावीस इंच येतात. कागदाच्या पडद्यांनीं त्यांना वीस सांगितले होते.