कंद राखायची विद्या : मेक्सिकोचा डेलिया आणि आपला सुरण



गेल्या काही दिवसांत दोन-तीन जणांनी एकच गोष्ट विचारली. डेलियाचे कंद आणले, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मार्चमध्ये लावले, कोंबही आले, आणि आषाढात सगळे कुजले. असं का? उत्तर एका ओळीत देता येईल, पण त्यामागं दोनशे-सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की डेलियाच काय, सुरण, हळद, कोनफळ यांचं बेणं कसं राखायचं तेही नीट कळतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. तिथं पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, पुढं थंड आणि कोरडे महिने. पावसात झाड वाढतं, फुलतं, पाऊस गेला की वरचा भाग वाळतो आणि कंद जमिनीत झोपतो. म्हणजे ही झोप मुळात पाण्याच्या टंचाईसाठी आहे. आपला सुरण पण हेच करतो. मृगात वाढतो, दिवाळीनंतर पान पिवळं पडून लोळतं आणि गड्डा जमिनीत गप्प बसतो.

मेक्सिकोतले जुने लोक डेलियाचे कंद खातही असत. 1789 मध्ये मेक्सिको शहराच्या वनस्पती उद्यानातून त्याचं बी स्पेनला, माद्रिदच्या बागेत गेलं. तिथल्या कावानिलेस नावाच्या अभ्यासकानं 1791 मध्ये त्याला डेलिया हे नाव दिलं, स्वीडनच्या आंद्रेस डाल या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. युरोपातल्या लोकांनी बटाट्यासारखा हा कंदही खाऊन बघितला, पण चव काही पटली नाही. त्यात बटाट्यासारखा स्टार्च नसतो, इन्युलिन नावाचा वेगळा साठा असतो. शेवटी फुलासाठीच तो राहिला.

आता गंमत बघा. मेक्सिको म्हणजे उष्ण देश, असं समजून इंग्लंडमध्ये सुरुवातीला डेलिया काचेच्या गरम घरात ठेवला. 1798 मध्ये तिथं आलेली झाडं जगली नाहीत. 1804 मध्ये माद्रिदहून परत बी आणावं लागलं. हळूहळू माळ्यांना कळलं की हे डोंगरातलं झाड आहे, उघड्यावर छान वाढतं, फक्त जमीन गोठली की कंद मरतो. कंदात पाणी भरपूर. पाणी गोठलं की आतल्या पेशी फुटतात आणि कंदाचा चिखल होतो. म्हणून पहिलं दव गोठून पानं काळी पडली की कंद काढायचे, माती झटकायची, तळघरात कोरड्या वाळूत नाहीतर भुशात ठेवायचे, आणि वसंतात परत कोंब आणायचे, ही रीत तिकडं बसली. पाकिटावर जे लिहिलेलं असतं ते ह्या रीतीतून आलेलं आहे. त्यांचा वैरी हिमाचा, आणि त्यांचं वेळापत्रक त्या वैऱ्याला बघून ठरलेलं.

आपल्या महाड-पोलादपुरात हिम पडतच नाही. दव गोठलेलं बघायचं तर आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला वेण्णा तलावावर जायला लागतं, तेही कडाक्याच्या थंडीतले मोजके दिवस. आपला वैरी पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तोही चार महिन्यांत. मार्चमध्ये लावलेला डेलिया जुलैत सावित्रीच्या काठच्या ओल्या मातीत उभा असतो. कंदाला हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि तो जातो. म्हणून आपल्याकडे डेलिया पावसाळ्यात झोपवायचा आणि दसऱ्यानंतर, हस्ताचा पाऊस सरला की लावायचा. त्याचा वसंत आपल्याकडे आश्विनात येतो असं समजा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात जानेवारीत जी डेलियाची फुलं दिसतात, त्यांचा हिशेब हाच असतो.

कंद प्रवासात कसा मरतो याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. 1872 मध्ये मेक्सिकोहून हॉलंडच्या एका रोपवाटिकेला पेटीभर कंद आले. पेटी उघडली तर बहुतेक सगळे कुजलेले, एकच कंद जिवंत. त्याला लाल, टोकदार, कडा वळलेल्या पाकळ्यांचं फूल आलं. मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेझ यांचं नाव त्याला दिलं. आज ज्याला कॅक्टस डेलिया म्हणतात, त्या प्रकाराचा तो मूळ पुरुष. पेटीत हवा नाही, ओल आहे, आणि एक कुजका कंद शेजाऱ्याला लावतो. हे आपल्या सुरणाच्या ढिगातही दर साली घडतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. महाबळेश्वरला इंग्रजांनी 1828-29 च्या सुमारास थंड हवेचं ठाणं वसवलं. पुढं तिथं तुरुंग होता, त्यात चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी बटाटा आणि परदेशी भाजीपाल्याची लागवड चांगली केली, आणि आसपासच्या लोकांनी ती उचलली. हा तुरुंग 1864 मध्ये बंद झाला, बटाटा मात्र राहिला. बटाटा आला तसा बेणं राखायचा प्रश्नही आला. खेड-मंचर पट्ट्यात झाडाच्या सावलीत बटाट्याची अरण लावतात, ती याच प्रश्नाचं उत्तर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीहून आलेल्या बियाणे बटाट्याबरोबर पाकोळीची अळी मुंबई इलाख्यात शिरली आणि साठवलेला बटाटा पोखरू लागली. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटाट्याच्या साठवणुकीवर आणि रोगांवर बरंच काम केलं. बाहेरचं बेणं आणलं की बाहेरचा रोगही येतो, हे तेव्हापासून पदरात पडलेलं शहाणपण आहे.

दुसरं उदाहरण सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचं. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद, आत हळद. आत प्राणवायू संपतो, त्यामुळं किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच माणूस उतरत नाही, हवा खेळू देतात. 2005 च्या महापुरात ह्या पेवांत पाणी शिरून मोठं नुकसान झालं. पण लक्षात घ्या, पेवात ठेवतात ती शिजवून वाळवलेली हळद. बेण्याचा जेठा गड्डा जर पेवात ठेवला तर तो गुदमरून मरेल. बेणं जिवंत असतं, ते श्वास घेतं. बियाण्याचे कंद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणारे अजूनही दिसतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे पुस्तक न वाचता जमवलं होतं. हळदीचं बेणं सावलीत ढीग करून वर सुका पाला. सुरणाचे गड्डे पडवीत सुटे, एकावर एक फार नाहीत. कोनफळ, करांदे माळ्यावर पेंढ्यात. मधूनमधून ढीग हलवायचा, कुजका गड्डा काढून टाकायचा. शिमगा उलटला की डोळे फुगायला लागतात, ते बघायचे. हळद अक्षय्य तृतीयेच्या आसपास, सुरण रोहिणी-मृगाच्या तोंडावर. कोंब स्वतः सांगतो, आता लाव.

डोळा कुठं असतो हे मात्र प्रत्येकाचं वेगळं:

• बटाट्याला सगळ्या अंगावर डोळे.
• सुरणाला मुख्य डोळा मधोमध. कापताना प्रत्येक फोडीला मधल्या भागाचा तुकडा आलाच पाहिजे. साधारण अर्ध्या किलोची फोड, शेणाच्या काल्यात बुडवून सावलीत सुकवायची.
• हळदीला कांड्यांवर डोळे.
• डेलियाला डोळा फक्त मानेवर, म्हणजे खोड आणि कंद जुळतात तिथं. मान मोडलेला कंद कितीही जाड असो, त्याला कोंब येत नाही. म्हणून काढताना ओढायचा नाही, लांबून खणून उचलायचा.

डेलिया करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. दिवस बारा तासांपेक्षा लहान झाला की हे झाड कंद भरायच्या मागं लागतं. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस लहानच, त्यामुळं कंद चांगले भरतात. मार्च-एप्रिलमध्ये पानं पिवळी पडली की पाणी बंद करा. युरोपात कंद चार ते दहा अंशांत ठेवतात. आपल्या पडवीत एप्रिल-मेमध्ये तीस अंशांच्या वर जातं, तिथं उघडा कंद सुकून चामड्यासारखा होतो. म्हणून किंचित ओलसर वाळूत, मातीच्या कुंडीत, छपराखाली ठेवायचे. वाळू मुठीत दाबली तर गोळा होता कामा नये. दर पंधरवड्याला हात घालून बघायचे. ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात थोडं पाणी वाढवलं आणि उजेडात आणलं की मानेवर लालसर कोंब दिसतात. प्रत्येक कोंबासकट कंद वेगळा करायचा, कापल्या जागी राख लावायची.

आता मुद्द्याचं. हिशेब करून बघा. सुरण तीन फूट बाय तीन फुटांवर लावला तर गुंठ्याला सव्वाशे फोडी बसतात. अर्ध्या किलोची एक म्हटलं तर साठ-बासष्ट किलो बेणं, एका गुंठ्याला. सुरणाच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा बेण्याचाच. ज्यानं मार्गशीर्षात सगळा माल विकला, त्याला मृगाच्या तोंडावर दुप्पट-तिप्पट मोजायची वेळ येऊ शकते, आणि मिळेल तेच घ्यावं लागतं.

यात आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. अर्धं गाव मुंबईला. गणपती झाले, भात झोडलं, की घराला कुलूप. ढीग हलवायला, कुजका गड्डा काढायला, उंदीर हाकलायला घरात कोणी नसतं. जमिनीत ठेवावं तर साळिंदर आणि रानडुक्कर. पडवीतली कोनफळं, करांदे अशी एकेका घरातून गेली. वाईट बेणं होतं म्हणून नाही गेली. राखणारा माणूस उरला नाही म्हणून गेली. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकणातल्या कंदांच्या सुधारित जाती दिल्या आहेत, त्या जरूर लावा. पण त्याही दर साली राखायला लागतातच.

म्हणून सुचवतो, वाडीत जे पाच-सहा जण बारा महिने राहतात त्यांनी सगळ्यांचं बेणं एका पडवीत राखावं. प्रत्येकाच्या ढिगावर नावाची चिठ्ठी, मुंबईकरांनी राखणीचा मोबदला म्हणून चौथाई बेणं त्यांना द्यावं. पडवी पुराच्या पाण्यापासून उंचावर असावी, 2005 आणि 2021 चे जुलै आपण विसरलेलो नाही. सुरणाची काढणी दिवाळीनंतर सुरू होईल. विकायच्या आधी बेण्याचे गड्डे बाजूला काढा: अंगाला जखम नसलेले, मधला डोळा शाबूत असलेले. उरलेलं मग बाजारात न्या.