सायमाच्या पाण्यावरील सीमारेषा

फिनलंडच्या आग्नेयेस असलेल्या सायमा सरोवराचें क्षेत्रफळ सुमारें ४,४०० चौरस किलोमीटर आहे. तरीही मोकळें पाणी त्यांत थोडेंच. बेटें, भूशिरें आणि अरुंद जलमार्ग यांचें तें एक गुंतागुंतीचें जाळें आहे. पूर्वीं या मुलखांत उन्हाळ्यांत होडी आणि हिवाळ्यांत बर्फावरील घसरगाडी हींच प्रवासाचीं साधनें होतीं. साहजिकच ज्याच्या हातीं अरुंद वाट, त्याच्या हातीं मुलूख.

हें ओळखूनच एरिक अक्सेल्सन टॉट या सरदारानें १४७५ सालीं सावो प्रांतांतील एका सामुद्रधुनींतील खडकावर ओलाविनलिन्ना हा किल्ला उभारावयास आरंभ केला. मॉस्कोला अडविण्यासाठीं स्वीडिश राज्यानें बांधलेला हा किल्ला १७४३ च्या तुर्कूच्या तहानें रशियाच्याच हातीं गेला! सीमा सरोवरांतून गेली. रशियाकडे सावोनलिन्ना आणि लापेनरांता हीं दोन्ही ठाणीं आलीं, पण त्यांच्या मधली पूमालाची सामुद्रधुनी स्वीडनकडे राहिली. स्वतःच्याच दोन ठाण्यांमध्यें होड्या न्यावयाच्या, तर वाट परक्याच्या दारांतून!

१७८८ ते १७९० च्या युद्धानंतर रशियन सेनापति सुवोरोव्ह याच्या योजनेनुसार यावर एक विलक्षण उपाय झाला. पूमाला टाळण्यासाठीं भूशिरें कापून चार लष्करी कालवे खणण्यांत आले. कुत्वेलेचा हा त्यांपैकींच एक. हें काम १७९८ पर्यंत चाललें. परंतु १८०९ सालीं उरलेला सर्व फिनलंड रशियाच्या झारकडे गेला. दोन्ही तीरांचा धनी एकच झाल्यावर सीमाच उरली नाहीं, आणि कालव्यांचें प्रयोजनही संपलें. अवघ्या अकरा वर्षांत!

कारभाराचे विभागही असेच बदलत गेले. १८३१ मध्यें मिक्केली प्रांत झाला, १९९७ मध्यें तो पूर्व फिनलंडच्या मोठ्या प्रांतांत विलीन झाला, आणि २००९ अखेर हे प्रांतच रद्द झाले. दक्षिण सावो विभागाचें केंद्र मात्र मिक्केलीच राहिलें.

सायमाला समुद्राशीं जोडणारा, व्हीबोर्गकडे जाणारा कालवा १८५६ सालीं खुला झाला. १९४४ च्या युद्धविरामानें त्याचा खालचा भाग सोव्हिएट रशियाकडे गेला. पुढें तो भाडेपट्ट्यानें घेऊन फिनलंडनें नव्यानें बांधलेला कालवा १९६८ मध्यें वाहतुकीस खुला केला. २०२२ सालीं युक्रेनवर रशियानें आक्रमण केल्यावर ही मालवाहतूकही आटत गेली.