ओढ्याची नोंदवही

‘नाला’ या शब्दाचे गेल्या काही दशकांत काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. पाणलोटाचे काम झालेल्या गावात जा. कोणीतरी हौसेने नालाबांध दाखवायला नेईल आणि तिथे उभे करून फोटोही काढून घेईल. शहरात हाच शब्द उच्चारला की हात नाकाकडे जातो. कोकणात वहाळ आणि पऱ्ह्या, देशावर ओढा आणि ओहोळ. लहान वाहत्या पाण्यासाठी इतके शब्द असलेल्या भाषेने शहरात आल्यावर त्यांतला बहुधा एकच जवळ ठेवला, आणि तोही सांडपाण्याला देऊन टाकला. मग २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडतो आणि मिठी नदी पात्र सोडते; २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा घरांत शिरतो; आणि दुसऱ्या दिवशी लोक नकाशात त्याचा उगम शोधू लागतात.

हा शोध पुराच्या आधी सुरू करावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. गोदावरी किंवा भीमा कोणा एका गावाच्या आवाक्यातली नाही. ओढा मात्र उगमापासून संगमापर्यंत दिवसाभरात पायी होतो. त्याच्या काठाला कोणाची शेते आहेत, कोणत्या वळणावर कोणाची मोरी येऊन मिळते, कोणता डोह कधी आटत नसे आणि आता आटतो, हे दहा माणसांत मिळून माहीत असतेच. या माहितीला शिस्त लावणे, एवढेच या विषयाचे मूळ स्वरूप आहे.

विषयाचे दोन भाग आहेत: ओढ्यावर लक्ष ठेवणे आणि ओढा दुरुस्त करणे. महाराष्ट्रात दुसऱ्या भागाचा इतिहास दांडगा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येने ठरत असे आणि भूमिहीनालाही हक्क असे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेने श्रमदानाला जत्रेचे रूप दिले. माथा ते पायथा, सलग समतल चर, दगडी बांध, वनराई बंधारा हे शब्द आता तांत्रिक राहिले नाहीत, ते पारावरच्या बोलण्यात आले आहेत.

पहिल्या भागाचा इतिहास मात्र किरकोळ. कुदळ-फावड्याचा सोहळा होतो, नोंदवहीचा होत नाही. माझ्या मते या क्षेत्राचे निम्मे दुखणे इथेच आहे. बांध घातला हे सांगता येते; बांधाने काय झाले, हे सांगायला आधीची पाच वर्षे कोणीतरी मोजत बसलेले असावे लागते.

हे मोजणे अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात वर्षाला ४०० मिलिमीटर पडला, तर ४०० कोटी लिटर. हा आकडा एकदा फळ्यावर मांडला की ‘आमच्याकडे पाणीच नाही’ हे वाक्य बदलावे लागते. प्रश्न ‘ते जाते कुठे’ असा होतो. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारात बांधांइतकेच महत्त्व ग्रामसभेपुढे मांडल्या जाणाऱ्या पाण्याच्या ताळेबंदाला आहे. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय, त्यावरून रब्बीत काय पेरायचे आणि काय नाही. आंध्रातही काही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या विहिरी आपण मोजून पिकांचे असे हिशेब केले. अमेरिकेत आयझॅक वॉल्टन लीग या मासेमारीच्या शौकिनांच्या जुन्या संघटनेने १९६९ मध्ये ओढे वाचवण्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि सामान्य लोक पाण्यात उतरून नोंदी करू लागले. गळ टाकून बसणाऱ्याला पाण्यातला बदल आधी कळावा, यात नवल नाही.

ओढ्यात ज्या मोजमापाला मी सर्वांत मान देतो, ते जानेवारीतले आहे. पावसाळ्यात ओढा वाहतो तो वरून पडलेल्या पाण्याने. आभाळ कोरडे असताना वाहतो तो जमिनीने हळूहळू सोडलेल्या पाण्याने. म्हणून हिवाळ्यातला प्रवाह म्हणजे पाणलोटाची शिल्लक. तो मोजायला एक टेप, एक घड्याळ आणि एक लिंबू पुरते. सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडायचा, त्याची रुंदी आणि ठिकठिकाणची खोली मोजायची, आणि वरच्या टोकाला सोडलेले लिंबू खालच्या टोकाला किती सेकंदांत पोहोचते ते पाहायचे. पृष्ठभागाचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावते, म्हणून आलेला वेग थोडा कमी धरायचा. दरवर्षी तोच तुकडा, तेच आठवडे. सात-आठ वर्षांनी ती वही एखाद्या जाड अहवालापेक्षा जास्त बोलते.

खडकाकडे दुर्लक्ष करून ओढ्याला हात लावू नये, हे इथे जरा ठासून सांगतो. दख्खनचा बसाल्ट थरांनी बनलेला आहे: कुठे भेगाळलेला, कुठे सच्छिद्र आणि झिजलेला, कुठे एकसंध. पाणी मुरते आणि साठते ते पहिल्या दोहोंत. खोलीकरणाच्या उत्साहात पोकलेनने पात्र खरवडत नेले आणि पाणी धरणारा थरच चिरला, तर शेजारच्या विहिरीचे पाणी झिरपून ओढ्यात येते. उघड्यावर चमकणारे पाणी पाहून सगळे खूश होतात. ते नवे साठलेले नसते, जमिनीतलेच बाहेर काढून उन्हात ठेवलेले असते. प्रत्येक खोलीकरण वाईट, असे माझे म्हणणे नाही. आधी विहिरींच्या कडा पाहून थर ओळखा, मग यंत्र बोलवा.

पाण्याचा दर्जा पाहायला प्रयोगशाळाच हवी, हा समजही सोडावा. काठावरचा दगड उलटून बघा. मेफ्लाय या कीटकाची पिल्ले पोटाच्या कडेच्या कल्ल्यांची झालर हलवत असतील, तर पाण्यात प्राणवायू बरा आहे. नुसते लाल किडे वळवळत असतील, तर उलट. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू नावापुरता असलेल्या गाळातही ते तगतात. चतुर आणि टाचणी यांना मराठीत गोड नावे मिळाली, मेफ्लायला रुळलेले नाव नाही. ओढ्यात उतरणाऱ्या मुलांनी ते द्यावे.

शहरातल्या कामाबद्दल थोडेच लिहितो, कारण तिथला मुख्य शत्रू उघड आहे. त्याचे नाव सुशोभीकरण. शेरणी, वाळुंज, करंज ही काठ धरून ठेवणारी झाडे काढायची, काँक्रीटची भिंत आणि वर दिवे लावायचे, आणि याला पुनरुज्जीवन म्हणायचे. जलपर्णी काढण्याच्या मोहिमाही अशाच. ती सांडपाण्यातल्या खतावर पोसते. वरची मोरी चालू असेपर्यंत दर हिवाळ्यात तिला निरोप द्यावा लागणार.

एक प्रश्न मात्र वाचकाने प्रत्येक प्रकरणाला विचारावा: गाव म्हणजे कोण? महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी दलितांना १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, हे ज्या प्रदेशात घडले तिथे ‘गावाने ठरवले’ हे वाक्य सहज लिहू नये. वरच्या शिवारातला बंधारा खालच्या वस्तीची विहीर कोरडी करू शकतो. झरा कोणत्या आठवड्यात आटतो हे हंडा घेऊन जाणाऱ्या बाईला अचूक माहीत असते, पण समितीच्या बैठकीत ती दाराशी बसलेली असते, बसू दिली तर. तिची आठवण ही सुद्धा नोंद आहे. ती वहीत तारखेसह उतरली पाहिजे.

पुस्तक कुठूनही उघडावे. मात्र पर्जन्यमापक मेअखेर बसवावा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, आणि रोज सकाळी साडेआठला वाचावा. हवामान खात्याची वेळ तीच आहे. पाऊस झाला नसेल त्या दिवशी रकान्यात शून्य लिहावे. रकाना रिकामा सोडला तर पाऊस नव्हता की वाचणारा नव्हता, हे पुढच्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही.